लाल गाडी लग्नाला येत नाही

बाबा आले तेव्हा आमचा बंब नेमका एका लग्नाहून परत येत होता.

सत्तरच्या दशकातला उन्हाळा, वैशाखातली दुपार. मी फायर स्टेशनच्या दारात उभा राहून गाडीची वाट पाहत होतो आणि फाटकातून आधी बाबा शिरले. डोक्याला ओला दुपट्टा, काखेत माझ्या बहिणीच्या लग्नपत्रिकांची पिशवी. मागून भोंगा वाजला म्हणून ते बाजूला सरकले आणि लाल गाडी त्यांच्या जवळून आत आली. बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं, पुढच्या पितळी घंटेला झेंडूचा हार, ड्रायव्हरकाकांच्या शेजारी सीटवर बुंदीच्या लाडवांचा पुडा. टाकी पार रिकामी.

पोळ्याच्या दिवशी माणूस दुसऱ्याच्या बैलजोडीकडे पाहतो तसे बाबा त्या गाडीकडे पाहत राहिले.

"हेच," ते म्हणाले. "हेच सांगतलं म्या इवायाले."

इवाई म्हणजे व्याही. काटोलचे, संत्र्याच्या बागा असलेले. येत्या गुरुवारी त्यांचं वऱ्हाड पारशिवनीकडच्या आमच्या गावी यायचं होतं.

"काय सांगतलं बाबा?"

"का बा, पाण्याची फिकर कराचं काम नाही. आमचा पोरगा आगीच्या गाडीचा साहेब हाय. लाल गाडी भरून मांडवासमोर उभी करतो, म्हटलं."

आणि त्याच आठवड्यातल्या सोमवारी माझी मुलाखत होती. आमचे चीफ रिटायर होत होते आणि त्यांच्या जागेसाठी आम्ही तिघं उमेदवार होतो. निवड समितीनं विचारलं, की बाबा रे, तुझ्या हाती फायर ब्रिगेड दिली तर सगळ्यांत आधी काय करशील, तर मी काय सांगायचं ते महिनाभर घोकत होतो. सगळ्यांत आधी मी हे लग्नाचं पाणी बंद करीन, असं सांगणार होतो.

या पाण्याचं जरा सांगतो, कारण आता लोकांना ते खरं वाटत नाही. नागपूरची लग्नं भर उन्हाळ्यात. मांडवाला खसच्या, म्हणजे वाळ्याच्या ताट्या, हॉलमध्ये कूलर, दोन्हींना पाणी पाहिजे, आणि त्या दिवसांत नळाला पाणी आलं तर आलं. मग कधीतरी कुणाच्या डोक्यात आलं असेल, की शहरात एक गाडी अशी आहे जिच्या पोटात कायम पाणी असतं आणि जी बहुतेक वेळ नुसती उभी असते. मी नोकरीला लागलो तोवर ही रीत जुनी झाली होती. कॉर्पोरेशनच्या कुणातरी मेंबरचा फोन यायचा, चीफ "हो जी, हो जी" म्हणायचे आणि बंब निघायचा. ज्याच्या दारात लाल गाडी त्याचं लग्न मोठं. वरमाय गाडीला ओवाळायची, पोरं घंटा वाजवायची, काकांना टोपी आणि नारळ मिळायचा. आमच्या जवानांनाही ते आवडायचं. लाडू मीही खाल्ले आहेत, उगाच कशाला नाही म्हणू.

पण आदल्या उन्हाळ्यात लकडगंजात एका आरामशिनीला, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीला, आग लागली. सागाच्या थप्प्या आणि भुशाचा ढीग, वर कडक ऊन. घंटा झाली तेव्हा आमची मोठी गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी कूलरमध्ये पाणी सोडत होती. मी लहान गाडी घेऊन धावलो. मधे रेल्वेचं फाटक बंद. पोचलो तेव्हा आरामशीन उभीच्या उभी पेटली होती. शेजारच्या थप्प्या वाचवल्या, माणूस कुणी गेलं नाही, पण तिच्या मालकाचं काही उरलं नाही. तो रस्त्याच्या कडेला एका लाकडी स्टुलावर बसून होता. मला म्हणाला, "हा स्टूल तेवढा बाहेर राहिला होता साहेब." मोठी गाडी आली तेव्हा तिच्या घंटेला हार होता. तो हार मी तोडून खिशात कोंबला, म्हणजे त्या माणसाला दिसू नये.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात चीफची खुर्ची शिरली. मला ती हवी होती, अगदी मनापासून हवी होती, आणि हे सांगायला मला तेव्हाही संकोच वाटला नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो तेव्हा बाबांनी गावभर पेढे वाटले आणि मी फायर ब्रिगेडमध्ये लागलो तेव्हा गावानं त्यांना विचारलं, "एवढं शिकून आग इझवाले गेला काय पोरगा?" बाबांनी त्यावर एकच उत्तर ठेवलं होतं. "जाऊ द्या ना. साहेब तर हाय."

त्या महिन्यात मी जेवायला बसलो की ताटात मला नागपूर दिसायचं. पोळी म्हणजे शहर, मधून मिरचीची रेल्वेलाइन, कांद्याच्या फोडी म्हणजे स्टेशनं. एक फोड उचलून मी लकडगंजच्या बाजूला ठेवायचो. तिकडं एक स्टेशन पाहिजेच, म्हणजे फाटकाची कटकट नको. मग इतवारीच्या बोळांसाठी लहान गाडी. मग मोहल्ल्यामोहल्ल्यात लोकांना शिकवणं, की आग लागली तर बंब येईपर्यंत काय करायचं.

बायको म्हणायची, "आधी तो कांदा खा. मंग बांधा लकडगंजात स्टेशन."

तर बाबांना क्वार्टरवर नेलं, बायकोनं ताक दिलं, गाडीतला एक लाडू पुढे ठेवला, आणि मी सरळ सांगून टाकलं.

"बाबा, गाडी येणार नाही."

"काहून? त्या दिवशी दुसरीकडं जाणार हाय काय?"

"कुठंच नाही जाणार. ते बंद कराचं हाय मले."

"तू साहेब झाल्यावर करजो ना बंद. गुरुवारी तर नाही झाला तू."

"सोमवारी मी त्याईले सांगणार, का गाडी लग्नाले धाडणं चूक हाय. आन गुरुवारी माझ्याच घरी गाडी?"

बाबांनी ताकाचा पेला खाली ठेवला. मग मला ती गोष्ट कळली जी त्यांनी पत्रात लिहिली नव्हती. इवायांनी देण्याघेण्याचं काहीही मागितलं नव्हतं. एकच म्हणाले होते. त्यांच्या पुतण्याचं लग्न मागल्या साली एका गावात झालं, तिथं वऱ्हाडाला आंघोळीला सोडा, प्यायला पाणी पुरलं नाही. उन्हातान्हात बाया-लेकरं तडफडली. म्हणून त्यांचं मागणं एकच, की माझ्या वऱ्हाडाला पाणी कमी पडू नये. बाकी तुम्ही वरणभात वाढला तरी चालेल. आणि आमच्या गावची विहीर वैशाखात कशी असते ते सगळ्या तालुक्याला ठाऊक. पाणी होतं ते गावाबाहेर, आमच्या वावरातल्या विहिरीत. तिथून मांडवापर्यंत बैलगाडीवर ड्रम आणायचे तर एक ड्रम येईस्तोवर दुसरा रिकामा. आणि अर्ध्या बैलगाड्या तर पाहुणे आणायलाच लागणार होत्या.

"म्हणून तर म्या तुई गाडी सांगतली," बाबा म्हणाले. "भर बैठकीत सांगतली. चार माणसं होते."

मी पेला उचलून मोरीत ठेवला.

बाबा उठले, पत्रिकांची पिशवी उचलली. दारात वळून म्हणाले, "मंग साहेब होऊन फायदा काय?"

हे ते रागानं बोलले नाहीत. त्यांना खरंच उत्तर पाहिजे होतं. ते मिळालं नाही तेव्हा संध्याकाळच्या बसनं निघून गेले. लाडवाला हात लावला नाही.

सोमवारी मी इस्त्रीचा युनिफॉर्म घालून मुलाखतीला गेलो. समितीच्या खोलीतही खसच्या ताट्या लावलेल्या, चपराशी त्यांवर पाणी मारत होता. मधे सभापती, वयानं मोठे, गोड बोलणारे. त्यांच्या बाजूला आयुक्त आणि दुसऱ्या शहरातून बोलावलेले एक जाणकार. आणखी दोघंतिघं मेंबर. स्टेशनात सगळ्यांना ठाऊक होतं, की सभापतींच्या पुतण्याचं लग्न महिनाअखेरीला आहे आणि बंब कधीच सांगून ठेवलेला आहे.

आधी जाणकारांनी पंपाचं, दाबाचं, धुराचं विचारलं. ते मला येत होतं. मग सभापती पुढे वाकले.

"आता असं सांगा. चीफ झाला तुम्ही. पहिल्या दिवशी खुर्चीत बसला. पहिलं काम कोणतं?"

भीती नव्हती. लहानपणी विहिरीच्या काठावरून उडी मारायच्या आधी व्हायचं तसं होत होतं.

"पहिलं काम, बंब घरी ठेवीन. भरलेला."

"म्हणजे?"

"लग्नाला पाठवणार नाही."

चपराशाचा हात ताटीवर पाणी मारता मारता थांबला. एक मेंबर खोकले. सभापती हसले, पण तोंडानंच.

"नवीन गाडी मागा, माणसं मागा. सगळे मागतात. तुम्ही उलटं आमच्याचकडून काढून घेऊन राहिले."

"गाड्याही मागीन साहेब. लकडगंजाकडं स्टेशन मागीन, तेही सोडणार नाही. पण आहे ती गाडी जागेवर नसली तर दुसरी मागायला मला तोंड नाही. तुम्ही नवी दिली तर ती पण लग्नाला जाईल."

आयुक्त पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहायला लागले. "एखाद्या मेंबरसाहेबांनी सांगितलं, तर त्यांना तोंडावर नाही म्हणाल?"

"ते फोन करतात साहेब. तोंड पाहायची वेळ येत नाही."

जाणकारांना हसू आवरेना. त्यांनी रुमाल तोंडाला लावला. मग मी थांबलोच नाही. ताटातलं सगळं नागपूर मी त्या टेबलावर मांडलं. रेल्वेची फाटकं, इतवारीचे बोळ, आरामशिनींचा भुसा, कापडाची गोदामं, मोहल्ल्यात लोकांना कसं शिकवायचं. मधे मराठी, मधे हिंदी, मधे कॉलेजातली इंग्रजी. स्टुलावर बसलेल्या त्या माणसाचंही सांगितलं. हाराचं नाही सांगितलं.

सभापतींनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "तुमच्या घरी लग्न आहे म्हणतात?"

"हो साहेब. गुरुवारी. बहिणीचं."

"वऱ्हाड कुठलं?"

"काटोलचं."

"अरे बाप्पा," एक मेंबर म्हणाले. "संत्रेवाले. त्यांना पाणी लागते."

"मग पाणी कुठून?" सभापतींनी विचारलं.

"विहिरीचं."

"आणि गाडी?"

"स्टेशनात."

"पाहू," सभापती म्हणाले. "आमची माणसं आहेत त्या बाजूला. कळेलच."

बाहेर आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि मला कुणाला तरी खांद्यावर उचलून नाचावंसं वाटत होतं. जागा गेली असं ऐंशी टक्के वाटत होतं, तरीही. ड्रायव्हरकाका बाहेर झाडाखाली सायकल धरून उभे. त्यांना सगळं सांगितलं. ते सायकल स्टँडवर लावून म्हणाले, "साब, लड्डू गया हमारा."

"गेला काका."

"और बहन की शादी?"

"पता नहीं."

बुधवारी मी गावी पोचलो. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. म्हणजे, "तो पाट उचल," "त्या दोऱ्या बांध," एवढं बोलत होते. बहिणीला हळद लागली होती. तिनं मला चुलीपाशी गाठलं आणि हळूच म्हणाली, "दादा, गाडीचं मले काही नाही. पण पाण्यापायी बाबाले कोणाचं ऐकाले नको लावजो." मी हो म्हटलं. कशाच्या भरवशावर म्हटलं ते देवालाच ठाऊक. गावात कुणी मला सरळ काही विचारलं नाही, पण पारावरून एकानं ऐकवलंच, "आमचा साहेब आला बरं, हात हलवत."

गुरुवारी सकाळी पहिल्या बसमधून ड्रायव्हरकाका उतरले. त्यांच्या मागून आमच्या स्टेशनचे जवान, एकामागे एक, साध्या कपड्यांत. कुणाची साप्ताहिक सुट्टी, कुणी रजा टाकलेली. ड्युटीवर असलेला एकही नव्हता, ते मी तिथंच प्रत्येकाला विचारून घेतलं. सवय.

"काका, हे काय?"

"साब, आपने गाडी को मना किया. हमको थोडी मना किया."

मग मला सुचलं, आणि कळलं की त्यांना ते आधीच सुचलेलं होतं: बादल्यांची रांग. आगीच्या कामाला शिकाऊ म्हणून आलेल्या पोराला पंपाला हात लावू देत नाहीत. आधी बादल्यांची रांग शिकवतात. विहिरीपासून आगीपर्यंत माणसं उभी करायची, भरली बादली हातोहात पुढे, रिकामी दुसऱ्या रांगेनं मागे. सोपं वाटतं. पण आमच्या गावानं सुरुवातीला जे केलं तेच सगळे लोक करतात. ज्याच्या हाती बादली आली तो ती घेऊन पळायला लागला. अर्धं पाणी धोतरावर, अर्धं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आणि दोघं एकमेकांवर आपटले.

काकांनी रांगेच्या मधोमध उभं राहून आवाज टाकला. "पाव नहीं हिलेंगे. जहाँ खडे, वहीं खडे. सिर्फ हाथ. मेरे पीछे बोलो. ले."

"ले."

"दे."

"दे."

प्रत्येक तीनचार गावकऱ्यांमागे एक जवान उभा केला. गावची तरणी पोरं, शाळेचे मास्तर, बँडवाले, झाडून सगळे रांगेत. बादल्या गावातल्या घराघरांतून आल्या, कुठली पितळी, कुठली पत्र्याची. रांग वावरातल्या विहिरीपासून निघून धुऱ्यावरून, मारुतीच्या मागून, आमच्या मांडवापर्यंत. तिथून फाटा जानोशाला, म्हणजे वऱ्हाड उतरायचं त्या शाळेला. पण विहीर खोल गेलेली. दोर ओढून बादल्या भरायच्या तर रांग उपाशी राहणार.

मी विहिरीकडे धावलो. तिथं बाबा होते. कुणी सांगितलं नव्हतं. जुनी मोट त्यांनी केव्हाच काढून विहिरीवर चढवली होती, बैल जुंपले होते, आणि मोटेच्या धावेवरून बैल मागे सारत होते. माझ्याकडे पाहिलंही नाही. मोट खाली गेली, बैल उतारावर चालले, नाडा ताणला, आणि भळ्ळकन पाणी थारोळ्यात, म्हणजे विहिरीकाठच्या कुंडीत पडलं. तिथं आमचे दोन जवान उकिडवे बसले होते. एकानं बादली बुडवली. "ले."

"दे."

तो आवाज रांगेतून पुढं गेला, मारुतीच्या मागे दिसेनासा झाला, आणि मांडवातून बायकांचा आवाज आला, "आलं वं, आलं." रांजण भरले. ड्रम भरले. जानोशातली घंगाळं भरली. ले, दे, ले, दे. बँडवाल्याच्या ढोलक्यानं त्यावर ठेका धरला आणि मग तर कुणाचे हात थांबेनात. मी रांगेच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होतो, कुठं तुटली की जोडत होतो, आणि इतका खुश होतो की लग्न कुणाचं तेच विसरलो होतो.

तेवढ्यात वऱ्हाडाची बस आली.

इवाई सगळ्यांत आधी उतरले. उंच, पांढरं धोतर, गुलाबी फेटा, घामानं निथळलेले. इकडं तिकडं पाहिलं. रांगेचं ले-दे चालूच होतं.

"कुठं हाय लाल गाडी?"

मी पुढे झालो. "गाडी नाही आली मामाजी. ती नागपूरलेच हाय. तिथं आग लागली तं तिथं पायजे."

"मंग तुमचे बाबा तं म्हणे..."

"बाबाईची चूक नाही. मी नाही म्हटलं."

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. पारावरचा तो माणूस मान लांब करून ऐकत होता. इवाई काही म्हणायच्या आत त्यांच्या समोरून भरलेली बादली गेली. मग दुसरी. त्यांनी तिसरी मधेच धरली, ओंजळ भरून पाणी प्यायले, तोंडावर मारलं, आणि बादली पुढे देऊन रांगेच्या बाजूनं उलटे चालायला लागले, विहिरीकडे. त्यांच्या मागं अर्धं वऱ्हाड. मीही गेलो. मला वाटलं, आता तिथं बाबांना काही बोलतात.

बाबा धावेवर होते. अंगात बनियन, पायांत चिखल, मुलीचं लग्न आणि हातात कासरा. इवायांना पाहून ते जागीच थांबले. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायला नको.

इवाई विहिरीत डोकावले. थारोळं पाहिलं. बैल पाहिले. मग फेट्याचा सोगा कमरेत खोचला.

"उतरा," ते बाबांना म्हणाले.

"जी?"

"उतरा म्हणतो. पोरीचे बाप तुम्ही, न्हाले जा, कपडे घाला. आमच्या बागेत इंजिन बसल्यापासून मोट हाती नाही धरली मी. द्या तो कासरा."

"इवाई, तुम्ही मुलाकडचे. कसं दिसन ते?"

"पाणी कमी पडलं तं कसं दिसन?"

मुलाचा बाप मुलीकडच्या विहिरीवर मोट हाकतो, हे आमच्या भागात कुणी पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलंही नव्हतं. विहीणबाई लांबूनच कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता झालं. आता काही येत नाही हे मांडवात." आणि तसंच झालं. काटोलची पोरंही रांगेत शिरली. तिथं मुलीकडचा कोण, मुलाकडचा कोण कळेना. मुहूर्त साधला, पण भटजींना दोनदा माणूस पाठवावा लागला, कारण नवरदेवाचे वडील मोटेवरून उतरायला तयार नव्हते. शेवटी काकांनी त्यांना सांगितलं, "साब, टंकी फुल है. अब बंद." ते ऐकून उतरले. ओल्या फेट्यानंच अक्षता टाकल्या.

पाणी पुरलं. उरलं. संध्याकाळी पोरांनी ते एकमेकांच्या अंगावर उडवलं आणि कुणी त्यांना रागावलं नाही.

निकाल आठवड्यानं लागला. समितीत दोन मतं पडली असं ऐकलं, सभापतींचं कुठं पडलं ते कळलं नाही. मला कळून काय करायचं होतं? चीफची जागा मला मिळाली. ऑर्डर हातात आली तेव्हा मी ती उभ्यानं वाचली, मग बसून वाचली, मग बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आता कांदा खाल ना?"

पहिल्या दिवशी खुर्चीत बसलो आणि पहिला हुकूम काढला, की मुख्य अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय गाडी आगीशिवाय कुठंही जाणार नाही. आणि परवानगी कुणालाच नव्हती. सभापतींच्या पुतण्याच्या लग्नात पाणी बैलगाड्यांनी आणलं. त्या लग्नाचं मला आमंत्रण आलं नाही. लकडगंजाकडच्या स्टेशनासाठी मला पुढं वर्षानुवर्षं भांडावं लागलं, ती वेगळी कहाणी आहे आणि तिच्यात लाडू नाहीत.

त्याच साली दिवाळीला गावी गेलो होतो. ओसरीवर बसलो होतो, बाबा शेजारी सुपारी कातरत होते. "साहेब होऊन फायदा काय," हे त्यांनी पुन्हा विचारलं नव्हतं आणि मीही उत्तर दिलं नव्हतं. तेवढ्यात पारावरचा तोच माणूस आला. त्याच्या पोराचं लग्न ठरलं होतं. बसला, पान खाल्लं, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग माझ्याकडे पाहून बाबांना म्हणाला,

"आता तं तुमचा पोरगा चीफ झाला बाप्पा. आमच्या लग्नाले एक लाल गाडी..."

मी तोंड उघडणार तर बाबांनी हात आडवा केला. अडकित्ता खाली ठेवला.

"आमच्या पोरीच्या लग्नाले नाही आली," ते म्हणाले, आणि मला इतक्या वर्षांत त्यांच्या आवाजात एवढा ताठा ऐकल्याचं आठवत नाही. "तुया कायले येईन गा? माया पोरगा चीफ हाय तिथं."